पहाटे चारचा बोका

आमचा बंडू दिवसभर वॉशिंग मशीनवर लोळायचा आणि पहाटे चारला माझ्या पोटावर उडी मारायचा. मी झोपेतच उठून वाटीत मूठभर खाऊ टाकायचे. आठवड्याभरात चारचे साडेतीन झाले. हे वळण मीच त्याला लावलं होतं.

मांजर खरं तर अख्खी रात्र जागणारं नव्हे. तिन्हीसांजेला आणि झुंजुमुंजु होताना त्याच्या अंगात येतं, कारण शिकारीची वेळ तीच. ते बंद होत नाही, थोडं सरकवता येतं.

रात्री दहाला, ओटा आवरून झाला की मी हिराच्या झाडूच्या काडीला जुन्या ओढणीची पट्टी बांधते. ती त्याच्या तोंडासमोर नाचवायची नाही. उंदीर मांजराकडे धावत येतो का कधी? सतरंजीखालून सरकवायची, थांबवायची, कपाटामागे न्यायची. बंडू ढुंगण हलवत दबा धरतो, झेपावतो. पंधरा मिनिटांत कुशीवर पडून नुसता पंजा मारायला लागला की शेवटची शिकार त्याला करू द्यायची आणि लगेच रात्रीचं जेवण. खाल्लं की अंग चाटतो आणि झोपतो. लेझरचा ठिपका मी सोडून दिला. हाती काही लागत नाही, मग तो भिंतच हुंगत बसतो. पट्टी मात्र उचलून ठेवा. दोरा गिळला तर आतडी आवळली जातात.

चारला आला तर उठायचं नाही, ओरडायचंही नाही. त्याला तेही चालतं. पहिले काही दिवस गोंधळ वाढतो. आमचे हे सहाव्या रात्री कंटाळून उठले, मग पुन्हा पहिल्यापासून.

भटकणं हे वेगळं प्रकरण. ग्रिलमधून छज्जावर, तिथून शेजारच्या बिल्डिंगमध्ये. एकदा कान फाटून आला, चार दिवसांनी शेपटीच्या बुडाशी गळू. डॉक्टरांनी गळू फोडलं आणि विचारलं, "नसबंदी का नाही केली अजून?" पाचेक महिन्यांचा असतानाच करता आली असती. केल्यावर महिन्याभरात त्याची बाहेरची ओढ बरीच कमी झाली. भाटी माजावर येऊन रात्रभर ओरडत असेल तर तिच्यावरही उपाय हाच.

ग्रिलला आधी मच्छरदाणीची जाळी लावली होती, ती दोन दिवसांत फाडली. आता बारीक चौकटीची लोखंडी जाळी तारेने आवळली आहे. तिसऱ्या मजल्यावरून कबुतराच्या नादात मांजर पडतं, म्हणून हे टाळू नका. म्हातारं मांजर अचानक रात्री ओरडू लागलं तर मात्र खेळाच्या भानगडीत न पडता रक्त आणि ब्लडप्रेशर तपासून घ्या. थायरॉइड किंवा ब्लडप्रेशर निघू शकतं.

आणि सकाळी उठल्या उठल्या वाटी भरू नका. मी आधी कुकर लावते, चहा घेते, मग त्याचं. हल्ली तो सव्वापाचला येतो आणि माझ्याकडे न बघता थेट गॅससमोर जाऊन बसतो, शिट्टी मोजत.