एकच वाक्य फिरवा, अलंकार ओळखा

अलंकारांच्या व्याख्या पाठ करत बसण्यापेक्षा एकच वाक्य फिरवून बघा. ‘आजीचे हात सायीसारखे मऊ’ ही उपमा. ‘आजीचे हात म्हणजे जणू सायच’ ही उत्प्रेक्षा. ‘हे हात नव्हेत, ही साय आहे’ म्हटलं की अपन्हुती, कारण इथे मूळ वस्तूच नाकारली. ‘सायीहूनही मऊ’ हा व्यतिरेक. रूपकात तुलनेचा शब्दच गळून पडतो: ‘हातांची साय कपाळावरून फिरली.’ मला तरी यातलं हेच सर्वांत लोभस वाटतं.

नुसत्या शब्दावर मात्र विसंबू नका. ‘बाळ सारखं रडतंय’ यात ‘सारखं’ आहे, पण उपमा नाही. तिथे त्याचा अर्थ ‘सतत’. म्हणून आधी उपमेय (ज्याची तुलना होते ते, वर ‘हात’) आणि उपमान (ज्याच्याशी तुलना होते ते, वर ‘साय’) शोधा, मगच अलंकाराचं नाव लिहा.