सॅकचे वजन कमी करताना या चुका टाळा

नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढताना सॅक पाठीवर असते तितकीच कातळावरही घासत असते, आणि दुकानात हाताला हलकी लागलेली सॅक तिथे तळाशी व बाजूच्या खिशांपाशी झिजू लागते. कापडावरचा ‘रिपस्टॉप’ हा शब्द वाचून निर्धास्त होणे ही यातली नेहमीची चूक आहे. या विणीत ठरावीक अंतरावर जाड धागे असल्यामुळे करवंदाच्या काट्याने पडलेले भोक सहसा पसरत नाही. घासून होणारी झीज मात्र तिने थांबत नाही. त्यासाठी धागाच जाड हवा. डेनियर म्हणजे 9000 मीटर धाग्याचे ग्रॅममधले वजन. सॅकच्या तळाला 210 डेनियर किंवा त्याहून जाड नायलॉन असावे. आतल्या पिशव्या 20-30 डेनियरच्या असल्या तरी बिघडत नाही, कारण त्या दगडाला लागतच नाहीत.

दुसरी चूक हिशेबाची. उन्हाळ्यात अनेक गडांवरची टाकी आटलेली असतात, त्यामुळे चार लिटर पाणी, म्हणजे चार किलो, खालूनच न्यावे लागते. अशा वेळी अर्धा किलो वाचवण्यासाठी फ्रेम आणि कमरेचा पट्टा नसलेली सॅक घेतली, तर सगळा भार खांद्यांवर येतो.

आपल्याकडे सामान वापरण्याइतकेच ठेवण्यातही खराब होते. पावसाळी ट्रेकनंतर ओलसर गुंडाळून ठेवलेल्या तंबूचा पाणी अडवणारा पॉलियुरेथेनचा लेप दमटपणाने विघटित होतो, चिकट होतो आणि त्याला आंबूस वास येतो. एकदा सुटू लागलेला लेप पूर्ववत होत नाही. सिलिकॉनच्या लेपाला हा त्रास नाही, पण कापड फाटले तर त्यावर साधी चिकटपट्टी टिकत नाही. जागा स्पिरिटने पुसून सिलिकॉनचेच सीलंट लावावे.

चेन पुढून लागते आणि मागून उघडते, तेव्हा बहुतेकदा दात शाबूत असतात आणि स्लायडर सैल झालेला असतो. आधी चिखल धुऊन काढावा, मग स्लायडरची मागची कड दोन्ही बाजूंनी पकडीने अगदी हलके दाबून पाहावी. जोर जास्त झाला तर तो तुटतो, म्हणून एक सुटा स्लायडर जवळ ठेवावा. वजनाच्या यादीत तो दिसतही नाही.