समांतर संगणकासाठी कम्पायलर लिहिताना या चुका टाळा

हास्केल किंवा ओकॅमल या फंक्शनल भाषांमध्ये कम्पायलर लिहायला घेतलेल्या नवख्यांकडून मी सर्वांत जास्त वेळा पाहिलेली चूक म्हणजे फोल्ड (यादीतले घटक ओळीने एकत्र करत जाणं) दिसला की त्याचं समांतर रिड्यूस (तुकडे एकाच वेळी मोजून जोडणं) करून टाकणं. साइड इफेक्ट नाहीत, म्हणजे फंक्शन बाहेरचं काही बदलत नाही, तेव्हा हवं तसं तोडता येतं, असा त्यांचा समज असतो. पण तुकडे वेगवेगळ्या कोअरवर मोजून जोडायचे तर क्रियेला साहचर्य गुणधर्म लागतो: कंस कुठेही घातले तरी उत्तर तेच. १० मधून ३, २, १ ओळीने वजा केले तर ४ उरतात. दोन-दोनच्या जोड्या केल्या, (१० − ३) − (२ − १), की उत्तर ६.

आमच्या एका प्रकल्पात नेमकं हेच झालं. खात्यातली शिल्लक काढणारा, वजाबाकीचा फोल्ड एका उत्साही सहकाऱ्याच्या पासने (कोड बदलणाऱ्या कम्पायलरच्या टप्प्याने) रिड्यूस करून टाकला. टाइप जुळत होते. चाचण्यांतल्या याद्या छोट्या, आणि छोट्या याद्या रनटाइम एकाच थ्रेडवर चालवायचा, त्यामुळे चाचण्याही पास. खऱ्या डेटावर कोअरची संख्या बदलली की उत्तर बदलायचं. सगळे रेस कंडिशन (थ्रेडच्या चढाओढीतून येणारी चूक) शोधत बसले, ती नव्हतीच.

फुथार्क या समांतर भाषेचा कम्पायलरही साहचर्य तपासत नाही, ती जबाबदारी प्रोग्रामरवर टाकतो. मी पूर्णांकांची बेरीज, गुणाकार, किमान, कमाल एवढ्याच क्रिया आपोआप समांतर करू देतो. बाकीच्यांसाठी प्रोग्रामरने स्पष्ट लिहून द्यावं, आणि त्यावर क्विकचेकची (यादृच्छिक इनपुटवर गुणधर्म तपासणाऱ्या साधनाची) चाचणी हवीच. दशांशांच्या (फ्लोटच्या) बेरजेत तर क्रम बदलला की शेवटचे अंक हलतात, म्हणून तिथे तंतोतंत बरोबरी तपासू नका.

दुसरी चूक, सगळं सपाट करणं. नेसल भाषेने नव्वदच्या दशकात दाखवलेलं फ्लॅटनिंग (एकात एक असलेली समांतर कामं एका सपाट ॲरेवर आणणं) सुंदर आहे, पण आंधळेपणाने लावलं तर १०२४ × १०२४ मॅट्रिक्सच्या गुणाकारात सगळे गुणाकार एका मधल्या ॲरेत साठतात: १०२४ चा घन, ४ बाइटच्या दशांशांनी ४ जीबी. आधी फ्यूजन लिहा, म्हणजे लागोपाठच्या क्रिया एकत्र करून मधला ॲरे टाळा. ते कंटाळवाणं आहे म्हणून लोक टाळतात आणि मग जीपीयूला नावं ठेवतात.

हास्केलमध्ये स्पार्क (हे समांतर मोजता येईल अशी रनटाइमला सूचना) टाकला तरी काम झालंच असं नाही. मूल्यमापन फक्त बाहेरच्या कन्स्ट्रक्टरपर्यंत, म्हणजे मूल्याच्या बाहेरच्या कवचापर्यंत होतं, आतली यादी तशीच पडून राहते. पूर्ण उलगडायला सांगा, आणि प्रोग्राम संपल्यावर रनटाइमच्या आकडेवारीत किती स्पार्क वाया गेले ते बघा.

पासमधल्या पॅटर्न जुळवणीत शेवटी 'बाकी सगळं तसंच' अशी अंडरस्कोरची ओळ लिहू नका. प्रोग्रामच्या झाडात नव्या प्रकारचा नोड आला की अपूर्ण पॅटर्नचा इशारा मिळायला हवा, आणि ही ओळ तोच दाबून टाकते.