वाऱ्यात स्कर्ट उडू नये म्हणून: दुमडीत वॉशर

नागपूरच्या उन्हाळ्यात पुरुषांना सुती स्कर्ट फार सोयीचा, पण वर्धा रोडच्या उड्डाणपुलावर स्कूटर चढली की पुढचा घेर वर येतो. एका हाताने तो धरून गाडी चालवणं धोक्याचं. त्यापेक्षा खालच्या दुमडीतच वजन घाला.

१. २० मिमी व्यासाचे आठ चपटे स्टेनलेस स्टील वॉशर घ्या. साधे लोखंडी नकोत. दोन-चार धुण्यांत गंजतात आणि कापडावरचा तांबूस डाग सहजासहजी निघत नाही.

२. दुमड आतून बोटभर उसवून वॉशर सरकवा. वारा समोरून येतो, म्हणून पुढे चार, दोन्ही बाजूंना एकेक, मागे दोन.

३. प्रत्येक वॉशरच्या दोन्ही अंगांना उभे टाके घाला. हे टाळलंत तर सगळे एका कोपऱ्यात गोळा होतात नि घेर तिरका लोंबतो.

लोकरी किल्टला, म्हणजे स्कॉटलंडच्या पुरुषांच्या चुणीदार स्कर्टला, हे लागत नाही, मागच्या चुण्यांचं वजन पुरतं. किल्टचे पुढे दोन पदर एकावर एक येतात; तिथली शोभेची पिन फक्त वरच्या पदराला लावा. दोन्ही पदर एकत्र टोचले तर बसताना ताण येऊन कापड फाटतं. बसण्याआधी चुण्या तळहाताने खाली सपाट कराव्यात, म्हणजे इस्त्री टिकते. आत पातळ हाफ पँट असलेली बरीच.

घोट्यापर्यंतचा स्कर्ट मात्र मोटारसायकलवर घालू नका. चेनमध्ये किंवा मागच्या चाकात अडकतो. लांबी गुडघ्यापर्यंतच ठेवा.