सैनिक स्कूलची सहावीची प्रवेश परीक्षा: आधी गणित वाचायला शिकवा, पेपर नंतर सोडवा

साताऱ्याच्या सैनिक स्कूलसाठी किंवा एखाद्या खासगी निवासी शाळेसाठी मुलाची तयारी करायची ठरली की कोल्हापुरात पहिला सल्ला एकच मिळतो: पेपर सोडवून घ्या, जितके जास्त तितकं चांगलं. मग महाद्वार रोडवरून सरावसंचांचा गठ्ठा घरी येतो. दिवाळीपर्यंत त्यातला निम्मा संपतो आणि गणिताचे गुण होते तिथेच राहतात. पाचवीच्या मुलांची ही तयारी मी वर्षानुवर्षं घेते आहे आणि या सल्ल्याला आता कंटाळले आहे. थर्मामीटर पुन्हा पुन्हा लावून ताप उतरत नाही. पेपर सोडवल्यावर मूल कुठे आहे ते कळतं, पण तेवढ्याने ते पुढे सरकत नाही.

आधी परीक्षा नीट समजून घ्या. सहावीचा पेपर ३०० गुणांचा, १२५ प्रश्न, १५० मिनिटं. गणिताचे ५० प्रश्न प्रत्येकी ३ गुणांचे, म्हणजे १५० गुण. भाषा, बुद्धिमत्ता आणि सामान्य ज्ञान यांचे प्रत्येकी २५ प्रश्न, २ गुणांचे, म्हणजे ५०-५०. निम्मी परीक्षा एकट्या गणिताची आहे, हे पालकांना माहीत असतं. तरी रोजचा निम्मा वेळ गणिताला देणारं घर मला क्वचित दिसतं. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. पात्र ठरायला प्रत्येक विभागात २५ टक्के आणि एकूण ४० टक्के लागतात (अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांना ही अट नाही). पण ही फक्त उंबरठ्याची पातळी आहे, यादीत नाव लागायला याहून बरेच जास्त लागतात. खासगी संस्थांच्या भागीदारीत २०२२ पासून सुरू झालेली नवी सैनिक स्कूलंही याच परीक्षेतून मुलं घेतात. इतर खासगी निवासी शाळा आपापला पेपर काढतात. त्यांचा नमुना शाळेच्या ऑफिसातूनच मागून घ्या, क्लासवाल्यांच्या अंदाजावर जाऊ नका.

कागदपत्रं आणि माध्यम

प्रवेशाच्या वर्षीच्या ३१ मार्चला वय १० ते १२ च्या दरम्यान असावं लागतं. डोमिसाइल आणि लागू असेल तर जातीचा दाखला जाहिरात निघायच्या आधीच काढून ठेवा, कारण ६७ टक्के जागा राज्यातल्या मुलांसाठी असतात. तारखेच्या भरवशावर राहू नका: २०२४ चा पेपर २८ जानेवारीला झाला, २०२५ चा ५ एप्रिलला. तयारी जानेवारी धरूनच करा.

माध्यमाबद्दल मात्र मी आग्रही आहे. सहावीचा पेपर मराठीतून देता येतो. मूल शाळेत ज्या भाषेत गणित शिकलं, त्याच भाषेत त्याला पेपर द्यायला लावा. मराठी शाळेतल्या मुलाला केवळ प्रतिष्ठेपायी इंग्रजी माध्यम निवडून देणाऱ्या पालकांना मी फॉर्म भरायच्या आधीच अडवते. नववीचा पेपर इंग्रजीतच असतो, त्याची काळजी तेव्हा करा.

शाब्दिक उदाहरणं: जून ते ऑगस्ट एवढंच

या टप्प्यानेच मला सगळ्यात जास्त दमवलं. गुणाकार पाठ, अपूर्णांक येतात, शेकडेवारी येते, आणि तरी पेपरात पंधरा-वीस उदाहरणं चुकलेली. विचारलं तर पोरगं फळ्यावर तेच उदाहरण झटक्यात सोडवून दाखवतं आणि म्हणतं, "बाई, येतंय की मला!" खरंच येत असतं. गणित येत असतं, वाचन येत नसतं.

हे उदाहरण बघा. गुऱ्हाळावर गुळाचे २४० रवे (ढेपा) तयार झाले. त्यांपैकी १/३ मार्केट यार्डात पाठवले. उरलेल्यांपैकी १/४ घरी ठेवले आणि बाकीचे सांगलीच्या व्यापाऱ्याने नेले. व्यापाऱ्याने किती रवे नेले? ८० यार्डात गेले, १६० उरले, त्यातले ४० घरी, म्हणून उत्तर १२०. घाईत वाचणारं मूल १/४ सुद्धा २४० चाच काढतं, ६० घरी ठेवतं आणि १०० उत्तर आणतं. पर्यायांत १०० असतोच. पेपर काढणाऱ्याने तो मुद्दाम ठेवलेला असतो, कारण मुलं कुठे घसरतात हे त्याला पक्कं माहीत असतं. मूल आपलं उत्तर पर्यायांत बघतं आणि निश्चिंत होऊन पुढे जातं. म्हणून "उत्तर पर्यायात आहे का बघ, नसेल तर पुन्हा कर" हा सल्ला अपुरा आहे. चुकीचं उत्तरही पर्यायांत सापडतं.

दुसरा घातक सल्ला खुणेच्या शब्दांचा. "एकूण दिसलं की बेरीज, उरले दिसलं की वजाबाकी." हे अजूनही शिकवलं जातं. मग मुलाला विचारा: खिशातले १२० रुपये खर्च झाल्यावर ८० उरले, तर आधी किती होते? 'उरले' दिसताच ते १२० मधून ८० वजा करून ४० सांगतं. उत्तर २०० आहे. खुणेचे शब्द शिकलेल्या मुलाला ती सवय सोडवायला न शिकलेल्या मुलापेक्षा जास्त दिवस लागतात. तुमच्या मुलाचा क्लास हे शिकवत असेल, तर घरी स्पष्ट सांगा की ते वापरायचं नाही.

मी जे करते ते असं. पहिले पंधरा दिवस पेन्सिल बाजूला. उदाहरणातले सगळे आकडे बोटाने किंवा कागदाच्या पट्टीने झाकायचे आणि मुलाने गोष्ट स्वतःच्या शब्दांत सांगायची: गूळ तयार झाला, थोडा यार्डात गेला, जो राहिला त्यातला थोडा घरी ठेवला, बाकीचा व्यापाऱ्याने नेला, त्याचा आकडा विचारलाय. आकडे दिसत असले की मूल त्यांच्यावर झडप घालतं आणि मधली वाक्यं गिळून टाकतं. आकडे झाकले की वाक्यं वाचण्यावाचून गत्यंतर राहत नाही. कंटाळवाणं वाटेल, मुलं कुरकुरतील, पालक म्हणतील की एका तासात पाचच उदाहरणं झाली. पाचच होऊ द्या.

इथे एक ताकीद. उदाहरण तुम्ही मोठ्याने वाचून दाखवू नका. आई वाचते तेव्हा 'उरलेल्यांपैकी' वर नकळत जोर देते, बाबा तिथे क्षणभर थांबतात, आणि मुलाला अर्धं उत्तर तिथेच मिळतं. घरी सगळं बरोबर आणि पेपरात चुका, याचं एक मोठं कारण हे आहे. मुलालाच वाचू द्या, आधी मोठ्याने, महिन्याभरानंतर मनात.

पुढची पायरी: शेवटचं वाक्य आधी वाचायचं आणि काय विचारलंय, कोणत्या एककात, ते अधोरेखित करायचं. पंचगंगेचं उदाहरण मी दर पावसाळ्यात देते, कारण तेव्हा घराघरांत हेच बोलणं चालू असतं. राजाराम बंधाऱ्याजवळ इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. सोमवारी सकाळी ६ वाजता पाणी ३१ फुटांवर आहे आणि तासाला ३ इंच चढतंय, तर इशारा पातळी कधी गाठेल? ८ फूट म्हणजे ९६ इंच, ३२ तास, म्हणजे मंगळवारी दुपारी २ वाजता. इथे तीन जागा आहेत घसरायच्या. फुटाचे इंच करायचे राहतात. ३९ ऐवजी ४३ धरलं जातं. आणि ३२ तास काढून मूल थांबतं, जेव्हा विचारलंय 'कधी'. शेवटचं वाक्य आधी वाचलेलं मूल तिसऱ्या जागी घसरत नाही, आणि बहुतेक वेळा दुसऱ्याही.

मग पट्टी काढायला शिकवा. अपूर्णांकाच्या आणि शेकडेवारीच्या प्रत्येक उदाहरणाला एक आडवी पट्टी, तिचे भाग, गेलेला भाग रेघा मारून बाद. गुळाच्या उदाहरणात पट्टीचे तीन भाग केले, एक बाद केला, की '१/४ कशाचा' हा प्रश्न डोळ्यांसमोरच सुटतो. मुलांना वाटतं पट्टीत वेळ जातो. सवय झाल्यावर दहा सेकंदांत होते.

शेवटी अंदाज. आकडेमोडीआधी मुलाने सांगायचं, उत्तर साधारण केवढं येईल. १२०० रुपयांची कोल्हापुरी चप्पल २० टक्के सुटीत विकली, नंतर ती कमी झालेली किंमत पुन्हा २० टक्क्यांनी वाढवली. आता किंमत १२०० पेक्षा जास्त, कमी की तेवढीच? बहुतेक मुलं 'तेवढीच' म्हणतात. ९६० चे २० टक्के १९२, म्हणून ११५२. वाढ लहान रकमेवर झाली, हे ज्याला हिशेबाआधी दिसलं त्याला शेकडेवारी समजली. सूत्र पाठ असलेल्याला समजली असेलच असं नाही.

हे सगळं जमलंय की नाही, याची माझी कसोटी ठरलेली आहे. मुलाला '१६० ÷ ४' एवढंच द्यायचं आणि त्याच्यावर स्वतःचं शाब्दिक उदाहरण रचायला सांगायचं. लक्ष्मीपुरीतली भाजी घेऊ दे, दुधाचे कॅन घेऊ दे, काहीही. ज्याला 'उरलेल्यांपैकी' घालून, फसवा पर्यायही ठेवून उदाहरण रचता येतं, तो तयार झाला. तोवर घड्याळ लावायचं नाही. या तीन महिन्यांत वेग मोजणाऱ्या पालकांशी माझे वाद होतात आणि मी ते घालते, कारण घाईची सवय एकदा लागली की ऑक्टोबरात ती मोडता येत नाही.

बाकीचे विभाग

बुद्धिमत्ता: घडी घातलेल्या कागदाला पंच मारून उघडून बघा, आरशासमोर अक्षरं धरा. हाताने केलेलं विसरत नाही. संख्यामालिका रोज दहा.

भाषा: शाळेचं व्याकरण पुरतं, उतारे वाचून घ्या.

सामान्य ज्ञान: दहा वर्षांच्या मुलाला वर्तमानपत्र हातात देऊन काही होत नाही, शेजारी बसून दहा मिनिटं वाचा. सैन्यदलांची पदं, शौर्यपदकं, राष्ट्रीय प्रतीकं, नद्या आणि राजधान्या पक्क्या करा. ५० पैकी २५ टक्के म्हणजे १२.५ गुण, म्हणून किमान ७ उत्तरं बरोबर यायला हवीत. गणितात उत्तम असलेलं मूल या एका विभागात अडकून बाद होऊ शकतं.

जवाहर नवोदय विद्यालयाची सहावीची प्रवेश परीक्षाही देणार असाल, तर लक्षात घ्या: कागलच्या नवोदयचा पेपर ८० प्रश्नांचा, १०० गुणांचा, दोन तासांचा आहे. त्यात निम्मे गुण आकृत्यांच्या बुद्धिमत्तेला आहेत, आणि ही परीक्षा मुलाला एकदाच देता येते. आकृत्यांना त्या प्रमाणात वेळ वाढवा.

सप्टेंबरनंतर पेपर

आठवड्याला एक पूर्ण पेपर, दुपारी २ ते ४:३०, कारण खरा पेपर त्याच वेळेत झालेला आहे आणि जेवणानंतरची सुस्ती हा खरा अडथळा असतो. माझी वाटणी अशी: भाषा आणि सामान्य ज्ञान मिळून ३५ मिनिटं, गणित ८०, बुद्धिमत्ता २५, तपासणीला १०. सुरुवात गणिताने करू नका. पहिलं अवघड उदाहरण अडलं की मूल बावरतं.

उत्तरपत्रिका ओएमआर असते, म्हणजे मशीनने तपासली जाणारी, उत्तराचा गोल रंगवायची, आणि गोल बॉलपेननेच भरायचे असतात. झेरॉक्स काढून पहिल्या पेपरपासून पेननेच भरून घ्या, खोडरबर घरात दिसूही देऊ नका. गोल शेवटी एकदम भरायचे नाहीत. दर पाच प्रश्नांनी भरायचे आणि प्रश्नाचा क्रमांक ओठांत म्हणून भरायचे. एक ओळ सरकली की पुढचं सगळं चुकतं. शेवटच्या दहा मिनिटांत एकही गोल रिकामा राहता कामा नये.

पेपर झाला की त्याच संध्याकाळी चुकलेली उदाहरणं पुन्हा आकडे झाकून सांगायला लावा. गोष्ट नीट सांगता आली तर चूक आकडेमोडीची. नाही सांगता आली तर ते मूल अजून जुलैतच आहे, त्याला पुढचा पेपर देऊ नका.

निकालानंतर

यादीत नाव आलं की वैद्यकीय तपासणी असते. डोळे, कान आणि दात तयारीच्या सुरुवातीलाच आपल्या डॉक्टरांकडून तपासून घ्या. किडलेला दात भरायला किंवा कानातला मळ काढायला तेव्हा भरपूर वेळ असतो, आणि चष्म्याचा प्रश्न असेल तर तो वर्षभराच्या मेहनतीनंतर नाही, आधीच कळतो.