खानदेशातील प्रश्न विधानसभेत कसा मांडून घ्यावा

आपल्या तालुक्याचा प्रश्न विधानसभेत यावा असे ज्यांना वाटते, त्यांनी तो राज्य सरकारच्या अखत्यारीतील आहे का, हे सर्वप्रथम तपासावे. भुसावळला एखादी रेल्वेगाडी थांबावी ही मागणी केंद्राकडची असल्याने ती खासदारांकडे न्यावी लागते, तर गावातील गटाराचे काम ग्रामपंचायतीचे असते. मात्र पाडळसे येथील निम्न तापी सिंचन प्रकल्पाचे रखडलेले काम, केळीच्या फळपीक विम्याची भरपाई किंवा सातपुड्यातील शासकीय आश्रमशाळांची दुरवस्था यांबद्दल राज्याच्या मंत्र्यांना सभागृहात उत्तर द्यावे लागते.

त्यानंतर आपला आमदार कोण, हे नीट पाहावे. विधानसभेच्या २८८ जागांपैकी जळगाव जिल्ह्यात ११, धुळ्यात ५ आणि नंदुरबारमध्ये ४ अशा खानदेशाच्या २० जागा आहेत, आणि नंदुरबारच्या चारही जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. मतदारसंघाच्या नावात प्रत्येक तालुका येत नाही. पारोळ्याच्या मतदाराचा आमदार एरंडोल मतदारसंघाचा असतो, भडगावचा पाचोऱ्याचा आणि धडगावचा अक्कलकुव्याचा.

आपला आमदार मंत्री असेल तर तो सभागृहात प्रश्न विचारत नाही, उत्तरे देतो. अध्यक्षांचेही तसेच आहे. चोपड्याचे अरुणभाई गुजराथी १९९९ ते २००४ या काळात विधानसभेचे अध्यक्ष होते; त्या आसनावरील सदस्य कामकाज चालवतो, चर्चेत बाजू घेत नाही आणि दोन्हीकडची मते समसमान पडली तरच स्वतःचे मत देतो. अशा वेळी शेजारच्या मतदारसंघातील आमदारांना विनंती करावी किंवा विधान परिषदेकडे वळावे. ७८ सदस्यांच्या त्या सभागृहात नाशिक विभागाच्या पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांचे प्रतिनिधी असतात, आणि त्या मतदारसंघांत खानदेशाचे तिन्ही जिल्हे येतात.

प्रश्न कोणत्या आयुधाने, म्हणजे सभागृहातील कोणत्या मार्गाने मांडावा, यावर त्याचे बरेचसे यश अवलंबून असते, आणि माझ्या मते सर्वाधिक गफलत इथेच होते. तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात, त्यामुळे मंत्र्यांना थेट जाब विचारायचा असेल तर हाच मार्ग योग्य ठरतो. परंतु त्याची सूचना अधिवेशनाच्या काही आठवडे आधी द्यावी लागते आणि प्रश्नोत्तराचा तास संपेपर्यंत यादीतील मोजकेच प्रश्न पुकारले जातात. केवळ आकडेवारी हवी असल्यास अतारांकित प्रश्न पुरतो, कारण त्याचे उत्तर लेखी मिळते. वादळाने रावेर-यावल पट्ट्यातील केळीबागा नुकत्याच आडव्या झाल्या असतील, तर नियम १०५ खालील लक्षवेधी सूचना अधिक उपयोगाची असते, कारण ती तातडीच्या सार्वजनिक बाबींसाठीच आहे. मंत्री त्यावर निवेदन करतात, मतदान मात्र होत नाही.

आमदारांना दिलेल्या निवेदनात भावनेपेक्षा माहिती अधिक असावी. ‘आदिवासी मुलांवर अन्याय होत आहे’ असे लिहिल्यास त्याला ‘हे खरे नाही’ एवढेच उत्तर मिळू शकते. त्याऐवजी ‘धडगाव तालुक्यातील शासकीय आश्रमशाळांत शिक्षकांची मंजूर पदे किती, त्यांपैकी रिक्त किती आणि ती कधीपर्यंत भरणार’ असे विचारल्यास विभागाला आकडे द्यावेच लागतात. आरोप, तर्कवितर्क किंवा न्यायप्रविष्ट बाब असलेला प्रश्न स्वीकृतीच्या टप्प्यावरच नाकारला जाऊ शकतो. निवेदनाला शासन निर्णय, पंचनाम्याची प्रत किंवा माहिती अधिकारात मिळालेले उत्तर जोडावे.

वेळेचेही भान ठेवावे. साधारणपणे वर्षात अर्थसंकल्पी, पावसाळी आणि हिवाळी अशी तीन अधिवेशने होतात, आणि विदर्भाच्या सामिलीकरणाबाबतच्या १९५३ च्या नागपूर कराराला धरून हिवाळी अधिवेशन प्रथेने नागपुरात भरते. एखाद्या कामाला निधीच हवा असेल तर नुसता प्रश्न पुरत नाही. विभागाच्या मागण्यांवरील (म्हणजे अर्थसंकल्पातील खर्चाच्या मंजुरीवरील) चर्चेत किंवा पुरवणी मागण्यांच्या, म्हणजे वर्षभरात लागणाऱ्या जादा खर्चाच्या मंजुरीच्या वेळी तो विषय यावा लागतो. पैशाच्या बाबतीत विधानसभेचा शब्द अंतिम असतो, कारण धन विधेयक, म्हणजे कर आणि सरकारी खर्चाचे विधेयक, परिषदेला १४ दिवसांत परत करावे लागते आणि तिच्या शिफारशी स्वीकारण्याचे बंधन विधानसभेवर नसते.

उत्तर मिळाले म्हणजे काम झाले असे मुळीच समजू नये. ‘तपासून कार्यवाही करण्यात येईल’ असे मंत्री सभागृहात म्हणाले, तर त्याची नोंद आश्वासन म्हणून होऊ शकते, आणि ते पाळले गेले की नाही हे पाहण्यासाठी स्वतंत्र आश्वासन समिती आहे. म्हणून विधिमंडळाच्या कार्यवाहीतून ते वाक्य, तारीख आणि प्रश्नाचा क्रमांक उतरवून घ्यावा आणि ठरावीक काळाने आमदारांमार्फत पाठपुरावा करावा. नागरिकांना आपले गाऱ्हाणे विनंती अर्ज समितीपुढेही नेता येते, मात्र तो अर्ज सदस्यामार्फतच सभागृहात सादर व्हावा लागतो. आदिवासी तालुक्यांतील प्रश्नांसाठी अनुसूचित जमाती कल्याण समितीही आहे. ती जिल्ह्यांचे दौरे करते आणि अधिकाऱ्यांना साक्षीसाठी बोलावते. समितीचा दौरा नंदुरबार किंवा धुळ्याला ठरल्याचे कळताच लेखी निवेदन पोहोचते करावे आणि त्याची पोच घ्यावी.