एसडीआर रेकॉर्डिंगचा मेटाडेटा चुकलाय? आधी दोन स्टेशनं शोधा

एसडीआर म्हणजे संगणकावरच्या सॉफ्टवेअरनं चालणारा रेडिओ रिसीव्हर. त्यावर रेकॉर्ड केलेली फाइल उघडली, वॉटरफॉल (सिग्नलचं सरकतं चित्र) नीट दिसतोय, पण ओळखीचं स्टेशन भलत्याच आकड्यावर. अशा वेळी हमखास मिळणारा सल्ला म्हणजे ‘पीपीएम बदलून बघा’. नका बघू. पीपीएम (दहा लाखांत किती भाग) ही रिसीव्हरला ताल देणाऱ्या क्रिस्टलची चूक. ती ५० पीपीएम, म्हणजे चांगलीच मोठी धरली, तरी १०० मेगाहर्ट्झवर फरक पडतो ५ किलोहर्ट्झचा. स्टेशन ४० किलोहर्ट्झ सरकलं असेल तर क्रिस्टलला बोल लावण्यात अर्थ नाही, फाइलसोबत लिहिलेली माहितीच, म्हणजे मेटाडेटा, तपासायला हवी.

मूळ फाइलची प्रत काढा आणि प्रतीवरच काम करा.

आता खरी मेख: नेमकं काय चुकलंय? इथे मी कित्येक संध्याकाळी वाया घालवल्या. सेंटर फ्रिक्वेन्सी (रेकॉर्ड केलेल्या पट्ट्याच्या मधोमधची फ्रिक्वेन्सी) बदलून एक स्टेशन जागेवर आणायचं, की दुसरं हललेलं असायचं. ते आणलं की पहिलं पळायचं. कारण सेंटर फ्रिक्वेन्सी चुकलीच नव्हती, सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला किती सॅम्पल (नमुने) घेतले तो आकडा, चुकला होता. म्हणून एका स्टेशनवर कधीच निकाल देऊ नका. सेंटरच्या दोन्ही बाजूंची, खात्रीची दोन स्टेशनं घ्या.

दोन्ही एकाच दिशेला, तेवढीच सरकली असतील तर सेंटर फ्रिक्वेन्सी चूक. (फरक बरोबर १२० किंवा १२५ मेगाहर्ट्झ निघाला तर अपकन्व्हर्टर, म्हणजे कमी फ्रिक्वेन्सी वर सरकवून रिसीव्हरला देणारं उपकरण, आठवा. त्याचा आकडा वजा करायचा राहिलाय.) डावीकडचं उजवीकडे आरशासारखं गेलं असेल तर आय आणि क्यू (प्रत्येक सॅम्पलचे दोन घटक) यांची अदलाबदल झाली आहे. आणि सेंटरपासून जितकं लांब तितकी चूक जास्त, सेंटरवरचं मात्र जागच्या जागी, असं असेल तर सॅम्पल रेट.

समजा दोन स्टेशनांत खरं अंतर ३०० किलोहर्ट्झ आहे, पण फाइलमध्ये ते २५६ दिसतं आणि रेट लिहिलाय २०,४८,०००. लिहिलेल्या रेटला ३०० ने गुणा, २५६ ने भागा: २४,००,०००. हाच खरा रेट. कानानंही पटतं: अशा फाइलमधलं बोलणं संथ आणि घोगरं येतं. नुसती सेंटर फ्रिक्वेन्सी चुकली असेल तर आवाजाचा वेग बदलत नाही.

फाइलच्या आकारावरून रेट काढा, असंही सांगतात. ८ बिट आय-क्यू, २४ लाख सॅम्पल म्हणजे सेकंदाला ४८ लाख बाइट, दहा मिनिटांना २८८ कोटी. हिशेब खरा, पण रेकॉर्डिंग करताना सॅम्पल गळले असतील तर उत्तर कमी येतं. मी हे फक्त पडताळणीला वापरते.

दुरुस्ती सोपी. सिगएमएफ (SigMF, मेटाडेटा वेगळ्या फाइलमध्ये ठेवणारा प्रकार) असेल तर मेटा फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून आकडा बदला. वेव्ह (WAV) फाइलला हेक्स एडिटर, म्हणजे फाइलचे बाइट थेट दाखवणारा प्रोग्रॅम, लागतो. नेहमीच्या मांडणीत सॅम्पल रेट २४व्या बाइटपासून (मोजणी शून्यापासून) चार बाइटमध्ये, उलट क्रमाने असतो. २४,००,००० म्हणजे ००, ९एफ, २४, ००. लगेच पुढचे चार बाइट म्हणजे सेकंदाला किती बाइट हा आकडा, तोही बदला. सेंटर फ्रिक्वेन्सी बहुधा ‘ऑक्सी’ (auxi) नावाच्या वेगळ्या भागात असते, सुरुवात आणि शेवट या दोन वेळांच्या लगेच नंतर. आणि हात जोडून सांगते, ही फाइल ध्वनी-संपादकात उघडून पुन्हा सेव्ह करू नका. अनोळखी भाग असे प्रोग्रॅम सर्रास टाकून देतात, मग ‘ऑक्सी’ गेला तो गेलाच.

वेळ चुकलेली वाटली तर आधी फाइलच्या नावात आकड्यांमागे ‘झेड’ आहे का पाहा. असला तर ती यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) आहे, चूक नव्हे.

शेवटी फाइल पुन्हा उघडा आणि आधी न वापरलेलं तिसरं स्टेशन तपासा.